गाठ चालू लागते तेव्हा

आमची मोठी मावशी धुळ्याला पांझरेच्या काठी राहत असे. दिवाळीला आम्ही सारी भावंडे जळगावहून तिच्याकडे जात असू, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे ती एकेकाला पाटावर बसवून असे काही तेल चोळी की, थंडी बिचारी अंगणातूनच परत फिरे. २००१ च्या दिवाळीत मात्र तिने मला पाटावर बसवले नाही. “तू आता मोठी झालीस, तुझं तूच लाव,” म्हणाली. मला तेव्हा उगीचच मोठेपण मिळाल्यासारखे वाटले. खरी गोष्ट अशी होती की, तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काखेत सूज होती आणि स्तनात लिंबाएवढी गाठ होती. ती गाठ तिने दीड वर्ष पदराखाली झाकून ठेवली होती. नवऱ्याला सांगितले नव्हते, पोटच्या लेकीलाही नाही.

कळल्यावर घरात एकच गलका झाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. मावशीने एका वाक्यात विषय संपवला : “चाकू लागना का रोग पसरस, माय!” चाकू लागला की रोग पसरतो. हे वाक्य आमच्या खानदेशात कोणी कोणाला शिकवीत नाही. ते पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या फलाटावर, लग्नाच्या मांडवात आपोआप ऐकू येते. मग कोणा जाणकाराचा लेप सुरू झाला, पथ्य सुरू झाले. २००३ च्या होळीपूर्वी मावशी गेली. आधी पाठीचा कणा धरला, मग फुफ्फुसे. तिच्या अंगाला शेवटपर्यंत चाकू लागला नाही, आणि रोग तरीही पसरला. हे साधे गणित त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नाही. माझ्या तर नाहीच. मी तेव्हा एम. ए. च्या परीक्षेसाठी संतवाङ्मय पाठ करीत होते.

हे सारे आज उगाळण्याचे कारण म्हणजे माझी वहिनी. गेल्या वर्षी श्रावणात, आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. बोराएवढी. वहिनी शहाणी बाई. तिने लपवले नाही. पण मुंबईला जायचे ठरल्यावर आदल्या रात्री ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन म्हणाली, “ताई, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. मला एकच सांगा. गाठ आहे तिथं गप्प बसली आहे. दुखत नाही, खुपत नाही. तिला डिवचायचं कशाला?”

वाचकहो, मी मराठीची प्राध्यापिका. अनुस्वार कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. “आठ दिवस द्या,” मी म्हटले. मुंबईची तारीख पुढे ढकलली नाही, हे आमचे नशीब. ती दहा दिवसांनंतरचीच होती. त्या आठ दिवसांत आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांचे मी डोके खाल्ले, त्यांची पुस्तके घरी आणली आणि माझ्या समजुतीप्रमाणे जे हाती लागले ते वहिनीला सांगितले. तेच येथे मांडते आहे.

पहिली गोष्ट ऐकून मीच चकित झाले. स्तनातली गाठ स्तनात राहून सहसा कोणाचा प्राण घेत नाही. हृदय, यकृत, मेंदू यांवाचून जगता येत नाही; तसे स्तनाचे नाही. बाई दगावते ती त्या गाठीतल्या पेशी घर सोडून हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात, मेंदूत जाऊन ठाण मांडतात म्हणून. तेव्हा वहिनीच्या प्रश्नातला कळीचा शब्द ‘गप्प’ हाच होता. गाठ खरोखर गप्प बसलेली असते का?

निरोगी स्तनातल्या पेशी मोठ्या घरंदाज असतात. दुधाच्या नलिकांना आतून अस्तर लावावे तशा त्या एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती एक पातळ पापुद्र्याचे कुंपण असते. कुंपण ओलांडायचे नाही, वेळ आली की वाढायचे, वेळ संपली की मरायचे, असा त्यांचा शिरस्ता. हा शिरस्ता त्यांना कोण सांगते? शेजारच्या पेशी सांगतात, रक्तातून येणारी संप्रेरके सांगतात, जखम झाली तर जखमेतून स्रवणारे रस सांगतात. शास्त्रज्ञ याला ‘पेशी-संकेत’ म्हणतात. मला त्यापेक्षा आपला गावाकडचा ‘सांगावा’ हा शब्द बरा वाटतो. सांगावा धाडणारा असतो, तो घेऊन येणारा असतो, आणि ज्याला पोचतो त्याला ऐकावे लागते.

हा सांगावा पोचतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. पेशीच्या अंगावर ठिकठिकाणी प्रथिनांचे टोकदार दांडे रोवलेले असतात. दांड्याचे एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला ठरावीक रेणू येऊन बसला की दांडा किंचित वळतो आणि आतले टोक जागे होते. मग आतली प्रथिने एकमेकांना टिचकी मारीत खबर पुढे नेतात, आणि ही टिचकी म्हणजे स्फुरदाची एक चिमूट! होय, तोच नत्र-स्फुरद-पालाशातला स्फुरद, जो आमचे शेतकरी बांधव कपाशीला पोत्याने घालतात. एका प्रथिनाला स्फुरद चिकटला की ते जागे होते आणि दुसऱ्याला स्फुरद चिकटवते, दुसरे तिसऱ्याला. अशी खबर पेशीच्या गाभ्यापर्यंत जाते. स्टॅन्ले कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी असे सांगावे धाडणारे पदार्थ प्रथम हुडकून काढले आणि १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळवले. कोहेन यांच्या पदार्थाची खूण अशी की, तो टोचला असता उंदरांच्या नवजात पिलांचे डोळे वेळेआधीच उघडत. त्या पदार्थाला ईजीएफ म्हणतात, म्हणजे त्वचेसारख्या आवरणातल्या पेशींना वाढ म्हणणारा सांगावा.

आता कल्पना करा, बोटाला विळी लागली. जखमेच्या कडेच्या पेशींना सांगावा येतो : हात सोडा, पुढे सरका, भगदाड बुजवा. लगेच त्या पेशी शेजारणीचा हात सोडतात. अंगातल्या अॅक्टिन नावाच्या तंतूंची पुढच्या बाजूला जुळवाजुळव करून एक पाऊल बाहेर काढतात. ते पाऊल खालच्या भुईला चिकटवतात, मग मागचे अंग सोडवून पुढे ओढून घेतात. गोगलगाय चालावी तशी ही चाल. भगदाड बुजले की दुसरा सांगावा येतो : पुरे, थांबा. पेशी थांबतात, पुन्हा हात धरतात. आईच्या पोटात गर्भ घडतानाही हजारो पेशी अशाच हुकमाने एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत जातात. म्हणजे चालण्याची विद्या प्रत्येकीच्या अंगी जन्मतःच आहे. फक्त ती कुलपात ठेवलेली असते.

कर्करोग नवीन विद्या शोधून काढीत नाही. तो हे कुलूप फोडतो. कधी पेशीच्या अंगावरचे सांगावा ऐकण्याचे दांडे भलतेच वाढतात, इतके की, कुजबुजसुद्धा तिला आरोळीसारखी ऐकू येते. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर बायकांतल्या साधारण पंधरा ते वीस जणींत ‘हर-टू’ नावाचे दांडे असे माजलेले असतात. त्यांच्यावर नेमके जाऊन बसणारे ट्रॅस्टुझुमॅब नावाचे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले आणि आज ते आपल्याकडेही दिले जाते. कधी आतल्या साखळीतले एखादे प्रथिन बिघडते आणि बाहेरून कोणी काही न सांगताच ‘चला, चला’ म्हणून ओरडत राहते. ‘थांबा’ म्हणणारा मात्र कोणी उरत नाही. मग हात सुटतात, कुंपणाचा पापुद्रा विरघळवणारे रस सुटू लागतात, आणि घरंदाज पेशी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकते.

यातला सर्वांत चमत्कारिक भाग घरभेद्यांचा. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. केरकचरा, जंतू, मेलेल्या पेशी खाऊन टाकणे हे त्यांचे काम. त्या गाठीपाशी येतात तेव्हा आपल्याला वाटावे, आले रखवालदार! पण गाठीतली पेशी त्यांना एक सांगावा धाडते, आणि त्याच्या बदल्यात भक्षक पेशी तिला ईजीएफ देते. हा म्हणतो ‘तू ये’, तो म्हणतो ‘तू चल’. अशा जोडीने दोघे रक्तवाहिनीपर्यंत जातात. जिवंत उंदरांच्या गाठींत सूक्ष्मदर्शकाखाली ही जोडी चालताना शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिली आहे. चोराने रखवालदारालाच पानसुपारी देऊन वाट विचारावी, तशातला हा प्रकार.

रक्तात उतरलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. ज्या उरतात त्या कोठे रुजतात? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग गेलेल्या २४१ निघाल्या, प्लीहेत गेलेल्या अवघ्या १७. प्लीहेलाही रक्त भरपूर मिळते, मग हा पक्षपात का? पॅजेट यांनी उत्तर दिले ते शेतकऱ्याचे : बी सगळीकडे पडते, पण मानवणाऱ्या जमिनीतच उगवते. आम्हा खानदेशकरांना हे वेगळे सांगायला नको. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी डोलते. तीच सरकी सातपुड्याच्या मुरमाड उतारावर टाका आणि मजा पाहा. पुढे २००१ साली ‘जमीन मानवते’ म्हणजे काय, याचा एक धागा हाती आला. लसिका ग्रंथी, फुफ्फुसे, यकृत, हाडांतली मज्जा येथे एक विशिष्ट सांगावा पुष्कळ प्रमाणात तयार होतो, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या अंगावर नेमका तोच ऐकणारे दांडे असतात. रुईची म्हातारी वाऱ्यावर भरकटत जाते तशा या पेशी जात नाहीत. त्यांना बोलावणे असते.

मावशीची काख आधी सुजली, मग हाडे, मग फुफ्फुसे. बावीस वर्षांनी मला त्या क्रमाचा अर्थ लागला. ती दिवाळीत आमच्यासाठी करंज्या तळीत होती, तेव्हा तिच्या अंगात हे सांगावे चालू होते. गाठ गप्प नव्हती. आपल्याला तिचे बोलणे ऐकू येत नव्हते, इतकेच.

हे सारे साहेबाच्या देशातले शास्त्र, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या पुण्याच्या एका मुलीने यात आयुष्य घातले आहे. कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची फार इच्छा. मुलीने दोन्ही केले नाही; वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या आणि गणितज्ञाशी लग्न केले! मुंबईला आल्यावर प्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएच. डी. मिळवली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी बाटलीत अखंड वाढवून दाखवणारे ते हेच गे. खानोलकरांच्या आग्रहाने बाई परत आल्या, आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर जिवंत वाढवण्याची, देशातली पहिली संशोधनशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग आनुवंशिक असू शकतो, संप्रेरकांचा त्यात हात असतो, हे त्यांनी उंदरांच्या पिढ्यानपिढ्या पाळून तपासले. पेशी चालते कशी हे पाहायचे तर ती आधी काचेखाली जिवंत राहायला हवी. ती सोय या बाईंनी येथे केली. १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या मुलींना क्युरीबाई ठाऊक असतात, रणदिवेबाई नसतात. हा दोष मुलींचा नव्हे. शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचा.

आता वहिनीचा, आणि मावशीचाही, मूळ प्रश्न. चाकूचे काय?

मला वाटले होते, विज्ञान या समजुतीला हसून उडवून लावील. तसे घडले नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच हा प्रश्न गंभीरपणे विचारला होता. शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात गाठ हाताळली जाते, कापली जाते. तेव्हा तिच्यातल्या पेशी सावध होऊन चालू लागत असतील का? आणि लागत असतील, तर त्यांना त्याच क्षणी अडवता येईल का? डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली यावर एक प्रयोग सुरू केला. औषध निवडले ते लिडोकेन. दात काढताना हिरडीत टोचतात ते, शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारे. ते मज्जातंतूंतली सोडियमची दारे बंद करते, म्हणून कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. गंमत अशी की, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतही सोडियमची अशी दारे आढळतात, आणि प्रयोगशाळेत पाहावे तर ती उघडी असली की पेशींना चालायला आणि घुसायला बळ येते.

देशातल्या अकरा रुग्णालयांत मिळून सोळाशे स्त्रियांनी या प्रयोगात भाग घेतला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या चारी बाजूंना हे औषध टोचले, निम्म्यांना नाही. बाकी उपचार सारखेच. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. औषध टोचलेल्या दर शंभर जणींपैकी नव्वद जणी पाच वर्षांनी हयात होत्या. न टोचलेल्यांपैकी सुमारे ८६. चार जणींचा फरक. औषधाने आत नेमके कोणते दार अडवले, हे या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही, आणि इतर देशांतल्या तज्ज्ञांना असाच प्रयोग पुन्हा झालेला हवा आहे. ते योग्यच आहे. पण शंभर रुपयांत शंभरातल्या चार बायका! सोन्याच्या भावाने औषधे विकत घेणाऱ्या जगाला हा हिशेब परळने दाखवला.

मला स्वतःला मात्र त्या दुसऱ्या आकड्याने धरून ठेवले. ज्यांना ते इंजेक्शन दिले नाही, त्यांच्यातल्याही शंभरात ८६ जणी पाच वर्षांनी हिंडत-फिरत होत्या, आणि त्या सगळ्यांना चाकू लागला होता. मावशीला लागला नव्हता.

अर्थात या बायका डॉक्टरांकडे वेळेत पोचलेल्या होत्या, हेही खरे. तेथेही टाटा रुग्णालयाचाच आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या दीड लाखावर स्त्रियांचा १९९८ पासून वीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांतल्या निम्म्यांच्या छातीची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. मावशीने आम्हा सगळ्यांच्या अंगाला हात लावला. तिच्या गाठीला दीड वर्ष कोणाचा हात लागला नाही.

मी हे सारे वहिनीला सांगितले तेव्हा ती भरताची वांगी भाजत होती. मध्येच तिने एकच प्रश्न विचारला, “म्हणजे ती आत्तासुद्धा चालत असेल?” मी खोटे बोलू शकले असते. “असू शकेल,” मी म्हटले. तिने गॅस बंद केला, हात धुतले आणि पेटी भरायला घेतली. दहा दिवसांनी आम्ही जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो. चाळीसगावला धुळ्याकडची एक म्हातारी आणि तिचा मुलगा आमच्या डब्यात चढले. हातात क्ष-किरणांचे मोठे पाकीट होते. त्यांना कोठे जायचे ते विचारावे लागले नाही. वहिनीने सरकून म्हातारीला खिडकीजवळ जागा करून दिली, आणि कसाऱ्यापर्यंत दोघी अहिराणीत बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला झोप लागल्याने कळले नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा वहिनीने पदर सावरून विचारले, “डॉक्टरसाहेब, ते दाताचं इंजेक्शन देणार ना?”

डॉक्टर क्षणभर थबकले. “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“आमच्या ताईंनी. त्या मराठी शिकवतात.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले, कागदावर काहीतरी लिहिले आणि मान हलवली. या लेखाचे हस्तलिखित संपादकांकडे धाडते आहे त्या दिवशी वहिनीला औषधोपचार संपवून चार महिने झाले आहेत. केस पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. परवा तिचा निरोप आला : यंदा नरकचतुर्दशीला सगळ्यांनी तिच्याकडे यायचे, तेल ती लावणार आहे, डावा हात अजून थोडा आखडतो, म्हणून माझ्या पाठीला उजव्या हाताने.